तोंडावरचा टॉवेल

माझी मुलगी बोलताना पहिल्यांदा अडकली तेव्हा मला ते कळलंच नाही. ती मला पप्पा म्हणते. त्या दिवशी 'पपपपप्पा' म्हणाली. पप्पा हा शब्दच असा की लाडात आलेलं पोर तो कसाही लांबवतं. मला वाटलं खेळतेय. पुढ्यात ताट होतं, कालवण गरम होतं, मी भाकरी कुस्करत राहिलो. मग तिने पाणी मागितलं आणि 'प' वरच थांबली. ओठ घट्ट मिटलेले, मान थोडी पुढे, डोळे ताटलीवर. आवाज येईना. मग एकदम 'पाणी' असं फुटून बाहेर आलं. तिने पेला उचलला, पाणी प्यायली आणि परत खायला लागली.

तिला काहीच वाटलं नव्हतं. मी मात्र ताट बाजूला सारलं. ते मिटलेले ओठ माझ्या चांगल्या ओळखीचे होते. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. त्यावरून कळलं की हे तिने आधीही ऐकलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं.

मी तोतरा आहे. हे वाक्य लिहायला मला काही त्रास होत नाही. बोलायचं म्हटलं तर 'त' वरच समोरच्याचा चहा गार होतो.

शिरवळच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासायचं काम मी करतो. ते भाग बोलत नाहीत आणि मला बोलायला लावत नाहीत, हे त्या नोकरीतलं मला सगळ्यात आवडणारं. बाकी जन्म चोरवाटा शोधण्यात गेला. अडणारा शब्द मला वाक्यात लांबूनच दिसतो आणि मी आधीच्या वळणावर दुसरीकडे वळतो. कॉफी आवडते, पण मागतो चहा. एसटीत कंडक्टरपुढे 'मेढा' म्हणता येईना म्हणून पुढच्या गावाचं तिकीट काढून मेढ्यात उतरलो आहे. मुलीच्या बारशाला पत्रिकेतलं अक्षर 'क' आलं होतं. मी हटून बसलो की नाव 'स' वरूनच ठेवायचं. सासरच्यांना वाटलं, जावयाला भारी हौस. मला फक्त पोटच्या पोरीला न अडता हाक मारायची होती.

लोक मला शांत स्वभावाचा म्हणतात. अजिबात नाही. पोटात जगाला द्यायच्या शिव्या साठून राहिल्या आहेत, पण त्या नेमक्या अडणाऱ्या अक्षरांनी सुरू होतात.

तर त्या दिवशी मला भीती वाटली आणि ती नुसत्या अडखळण्याची नव्हती. आम्ही मेढ्याच्या वरच्या डोंगरातले. आमच्या गावात लहानथोर सगळ्यांना पक्कं माहीत असतं की तोतरेपण लागतं. तोतऱ्याची नक्कल केली की लागतं, रोज त्याच्याजवळ बसून ऐकलं तरी लागतं. गोवर लागावा तसं. मला ते माझ्या चुलत्यांकडून लागलं होतं. निदान मला आयुष्यभर तसंच सांगण्यात आलं होतं.

चुलते म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांना आम्ही तात्या म्हणतो. वडील फौजेत होते, वर्षातून एकदा रजेवर यायचे. त्यामुळे मी वाढलो तो तात्यांच्या मांडीवर. बोलताना तात्या अडायचे, मग मान एका बाजूला हिसडायचे आणि डावा डोळा मिटायचा. पाहुणे आले की मी त्यांची हुबेहूब नक्कल करायचो. मान, डोळा, सगळं. पाहुणे हसून लोळायचे. तात्यासुद्धा हसायचे. "प-प-परत कर रं," असं तेच मला म्हणायचे. मग एके दिवशी मी नक्कल करत नव्हतो आणि तरीही अडलो.

आईने देवळातल्या घंटेत पाणी ओतून ते मला पाजलं. वेखंड उगाळून जिभेला चोळलं. जीभ चरचरली, बोलणं होतं तसंच राहिलं. पुढे वडील रजेवर आले, त्यांनी मला एकदा बोलायला लावलं आणि ऐकून घेतलं. नंतर ओसरीवर बूट काढता काढता तात्यांना म्हणाले, "हे बघ. तुझं तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे. पोरांम्होरं तोंड उघडू नगंस."

ओरडले नाहीत, हुकूम सांगावा तसं सांगितलं. तात्यांनी मान हलवली. मी तिथेच खांबाला धरून उभा होतो.

त्यानंतर तात्या अंथरूण घेऊन वरच्या वस्तीवर राहायला गेले. तिथे आमच्या म्हशी असतात. लग्न त्यांचं झालंच नाही. घरून भाकरी जायची, पण ती मोठ्यांनी न्यायची. आम्हा पोरांना वर जायला बंदी होती. सणाला ते खाली यायचे, तेव्हा आम्ही दिसलो की खांद्यावरच्या टॉवेलचं टोक दातांत धरायचे. भिंतीकडे तोंड करून जेवायचे. काही हवं असलं की ताटावर बोट वाजवायचे. त्यांच्या प्रत्येक टॉवेलचं एक टोक चावून चावून विरलेलं असायचं. कुणी त्यांचा अपमान केला नाही की कुणी वाईट बोललं नाही. उलट 'पोरांसाठी सोसतोय' म्हणून गावात त्यांचं नाव निघायचं.

एकदा मी बंदी मोडून वर गेलो. गोठ्याच्या मागून माणसाच्या बोलण्याचा आवाज येत होता. सरळ, सावकाश, कुठेही न अडता. मला वाटलं, पाहुणा आला असेल. कुडाच्या फटीतून पाहिलं तर तात्या म्हशीच्या पाठीवर हात फिरवत तिच्याशी बोलत होते. "आज वारं लय सुटलंय. रेडकाला आतच बांधतो. तू काळजी करू नगंस." एक अक्षर अडत नव्हतं. ज्या माणसाला मी ओळखत होतो तो हा नव्हताच. मी पळत सुटलो तो घरापर्यंत मागे पाहिलं नाही.

हे सगळं माझ्या आईच्या ध्यानात होतंच. नातीचं कळल्यावर तिचा गावाहून फोन आला. "आरं, तिच्याजवळ लय बोलू नगंस. तुझ्या तात्यांनी उशिरा तोंड मिटलं. तू तरी वेळंत मीट."

मी मिटलं. शिकलेला माणूस आहे, मोबाइलवर जगभरचं वाचतो, पण या बाबतीत मला एकदाही शंका आली नाही. ज्याने लहानपणी स्वतःच्या अंगावर अनुभवलंय तो कशाला शंका घेईल? आधी मी तिला गोष्टी सांगायचं बंद केलं. मग कारखान्यात दुसरी पाळी मागून घेतली. माझ्या जागी दिवसाची पाळी मिळालेल्या गड्याने मला मिठीच मारली, त्याला वाटलं मी त्याच्यावर उपकार केले. मी घरी यायचो तेव्हा मुलगी झोपलेली असायची आणि मी उठायचो तेव्हा ती बालवाडीत गेलेली असायची. सुट्टीच्या दिवशी मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचो. तिने काही विचारलं की मान हलवायची किंवा हाताने खुणावायचं. पोरगी हट्टी आहे. ती तशीच समोर उभी राहायची, माझ्या तोंडाकडे बघत.

तिचं अडणं वाढतच गेलं. आधी नुसते ओठ मिटायचे. मग ती शब्द बाहेर काढायला मांडीवर हात आपटायला लागली. एका रविवारी दारात उभी राहून ती शेजारणीला काहीतरी सांगत होती. सांगता सांगता तिने मान एका बाजूला हिसडली. तात्यांनी हिसडावी तशीच, त्याच बाजूला. मी तिथून उठलो आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभा राहिलो. तिने तात्यांना कधी पाहिलेलंही नव्हतं. म्हणजे हे माझ्यातूनच तिच्यात उतरलं, असा मी त्याचा अर्थ लावला.

त्याच आठवड्यात कामावर निघायच्या आधी मी बेसिनपाशी तोंड धूत होतो. त्या दिवशी बालवाडी लवकर सुटली होती आणि ती मागून धावत आली. बालवाडीत काहीतरी झालं होतं, ते तिला सांगायचं होतं. मी वर आरशात पाहिलं. खांद्यावरच्या टॉवेलचं टोक माझ्या दातांत होतं. कधी धरलं ते मला कळलंही नव्हतं.

इतकं दिसल्यावर शहाणा माणूस सावध झाला असता. मी आणखी घाबरलो. बायकोला म्हटलं, पोरीला घेऊन माहेरी जा. तिचं माहेर सांगलीत. "किती दिवस?" तिने विचारलं. मी उत्तर दिलं नाही. आता या गप्प राहण्याला तीही सरावली होती. स्टँडवर गाडी सुटली तेव्हा मुलगी खिडकीतून हात हलवत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती.

घर रिकामं झालं आणि मला खरंच बरं वाटलं. ते बरं वाटणंच वाईट होतं. पुढच्या सुट्टीला मी सकाळी खाली गाडी पुसायला घेतली. पुसता पुसता कुणाचा तरी आवाज कानावर आला. "चेन सैल झाली आहे. पुढच्या पगाराला बदलू. पावसाळ्याआधी मडगार्डचा पत्राही बघायला पाहिजे." आवाज माझाच होता. मी मोटरसायकलशी बोलत होतो आणि 'प' अडत नव्हता, 'च' अडत नव्हता, काहीच अडत नव्हतं. फडकं हातात तसंच राहिलं. कुडाच्या फटीतून पाहिलेले तात्या आठवले आणि आता फटीच्या आतल्या बाजूला मी उभा आहे हे लक्षात आलं. इतकी भीती मला आजवर कशाची वाटली नव्हती. दाराला कुलूप लावलं आणि तीच गाडी काढून तसाच सांगलीला निघालो. खंबाटकी ओलांडली, सातारा गेलं, कराड गेलं, कुठे थांबल्याचं आठवत नाही.

बायको तिथे हात बांधून बसली नव्हती. मला न विचारता तिने मुलीला एका स्पीच थेरपिस्ट बाईंना दाखवलं होतं. मी पोहोचलो तेव्हा म्हणाली, "उद्या तुम्हाला बोलावलंय." मला वाटलं, वडिलांची सही लागत असेल. म्हणून गेलो.

औषधांच्या दुकानाच्या वर एक खोली होती. बाई वयस्क, केस पांढरे, बोलणं सरळ. मुलगी कोपऱ्यात ठोकळे रचत बसली. बाईंनी विचारलं, "घरी हिच्याशी जास्त कोण बोलतं?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर द्यायला गेलो आणि पहिल्याच अक्षरावर अडलो. बायकोने सवयीने माझं वाक्य पुरं करायला तोंड उघडलं. बाईंनी तिला हाताने थांबवलं. मग त्या माझ्याकडे पाहत बसल्या. घड्याळाकडे नाही, कागदाकडे नाही, आणि चेहऱ्यावर ती कीवसुद्धा नाही जी बघून मला समोरच्याला फटकावावंसं वाटतं. माझं वाक्य येईपर्यंत त्या थांबल्या. आजवर माझ्यासाठी कुणी एवढं थांबलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचाच राग आला. मग मी सगळं सांगितलं. तात्या, नक्कल, घंटेचं पाणी, वडिलांचा हुकूम, दुसरी पाळी. किती वेळ लागला देव जाणे. बाहेर पुढचे लोक ताटकळत होते.

बाई म्हणाल्या, "नक्कल करून हे लागत नाही. ऐकूनही लागत नाही. पुष्कळदा घराण्यात असतं आणि साधारण याच वयात दिसायला लागतं. तुम्ही नक्कल केली नसती तरी ते आलं असतं."

"प-पण सगळ्यांनी बघितलंय," मी म्हटलं.

"सगळ्यांनी नक्कल बघितली आणि नंतर अडखळणं बघितलं. त्या वयाची सगळीच मुलं नकला करतात." मग कोपऱ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, "हिने तुमच्या चुलत्यांना कधी ऐकलंय?"

"न्... नाही."

"आणि मान तुम्ही हिसडता का?"

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "नाही. हे नुसते गप्प होतात."

मला हायसं वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात संताप आला. एवढी साधी गोष्ट, आणि तिच्यापायी एक माणूस म्हशींमध्ये जाऊन राहिला होता. मी बाईंवरच चिडलो. माझं काय होईल ते सोडा, म्हटलं, पोरीचं सांगा. तिचं जाईल की राहील?

त्यांनी खोटा धीर दिला नाही. "बऱ्याच मुलांचं जातं. काहींचं राहतं. घरात आधी कुणाचं राहिलेलं असेल तर राहायची शक्यता थोडी जास्त. आज मला सांगता येणार नाही." मग म्हणाल्या, "पण तुम्ही असेच गप्प बसलात तर ती एवढं नक्की शिकेल की असं बोलणाऱ्याने तोंड उघडायचं नसतं. मग तिचं अडखळणं गेलं किंवा राहिलं, ती बोलायची नाही."

मुलीने तेवढ्यात ठोकळ्यांचा मनोरा पाडला आणि आमच्याकडे पाहिलं. तिने किती ऐकलं होतं कोण जाणे.

उपचार तिचे सुरू झाले होते, आता माझेही झाले. पोरगी आणि बायको परत शिरवळला आल्या, मी दिवसाची पाळी परत मागितली. त्या गड्याने महिनाभर माझ्याशी अबोला धरला. सुट्टीच्या दिवशी आम्ही सांगलीला जायचो. बाईंनी मला शिकवलेलं सगळं उलटंच होतं. मी जन्मभर अडणं लपवत आलो, आणि त्या म्हणाल्या मुद्दाम अडा. दुकानात जा, सोपा शब्दसुद्धा अडखळत बोला, आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघा. आधीच सांगून टाका, 'मी अडखळतो, जरा थांबा.' ओठ अडले तर जोर लावू नका, सैल सोडा आणि मग शब्द हळू सरकवा. सांगलीच्या स्टँडसमोर मी पहिल्यांदा कॉफी मागितली. 'क' वर एवढा वेळ लागला की मागच्या माणसाने माझ्या आधी आपली भजी नेली. पण कॉफी आली. अगदी बेचव होती आणि मी ती शेवटपर्यंत प्यायलो.

घरासाठी बाईंनी एकच नियम घालून दिला होता. कुणी कुणाचा शब्द पुरा करायचा नाही. बोलणाऱ्याचं होईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. हा नियम मुलीने जो उचलला तो पोलिसासारखा. सांगलीत माझे सासरे तिला मदत म्हणून शब्द सुचवायला गेले की ती हात वर करायची. "आ-आबा, माझं अजून झालं नाही." सासरे गप्प. त्या घरात सासऱ्यांना गप्प करणारी ती पहिलीच.

मी काही घडाघडा बोलायला लागलो नाही. बरे दिवस असतात आणि फार वाईट दिवस असतात. फरक एवढाच की आता वाईट दिवशीही मी मुलीशी बोलतो. तिचं मान हिसडणं गेलं. मग पावसाळ्यात सर्दी-तापातून उठली आणि ते परत आलं, मग परत कमी झालं. बाई अजूनही काही सांगत नाहीत. रोज सकाळी ती उठते तेव्हा मी दूध तापवत असतो आणि तिच्या पहिल्या शब्दाकडे कान लावून असतो. तो नीट आला तरी छातीतली धडधड जात नाही, कारण उद्याची सकाळ असतेच.

दिवाळीच्या आधी तिने मला विचारलं, "आपल्यासारखं अजून क-क-कोण बोलतं?"

मी म्हटलं, "गावाकडं एक आजोबा आहेत."

"मला द-दाखव."

आईला फोन करून सांगितलं की आम्ही येतोय आणि तात्यांना भेटायला वर जाणार आहोत. बाई काय म्हणाल्या होत्या तेही सांगितलं. आई म्हणाली, "आसं कसं हुईल? समद्यांनी बघितलंय की."

"आई, ते तसं न-नसतं."

"बरं, नसंल. पर त्यास्नी सांगू नगंस."

"का?"

"आता सांगून काय करायचं हाय? म्हातारं झाल्यात. जे झालं ते पोरांसाठी झालं म्हणून तर जगल्यात आजवर."

फोन ठेवल्यावर मला वाटलं, आई म्हणते त्यात तथ्य आहे. वडील आता नाहीत, त्यांना जाब विचारायची सोय नाही. ज्या आधारावर एक माणूस इतकी वर्षं उभा आहे तो काढून घेणारा मी कोण? मेढ्यापर्यंतच्या सगळ्या वाटेत मी हाच विचार करत होतो. पण एसटीत माझ्या मागच्या सीटवर मुलगी आजोबांना काय काय सांगायचं ते आईला सांगत होती. तिला समोर बघून ते टॉवेल तोंडात धरणार आणि ती ते पाहणार. मग तिला मी काय सांगणार होतो? आजोबांना तुझ्यासारखं बोलायची लाज वाटते म्हणून? की तुला आपलं लागू नये म्हणून?

भात काढून झालं होतं. बांधाबांधाने वर चढलो. डोंगरावरून धुकं खाली उतरत होतं आणि वस्तीचं छप्पर जवळ जाईपर्यंत दिसलंच नाही. तात्या गोठ्याच्या दारात पेंढी सोडत बसले होते. फार वाळले होते. त्यांनी आधी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. मग माझ्या मागून मुलगी पुढे आली. तात्यांचा हात खांद्याकडे गेला, टॉवेलचं टोक दातांत गेलं आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. किती सफाईने, एका दमात.

मुलीने विचारलं, "आजोबांचा द-दात दुखतोय?"

तिचा 'द' ऐकला आणि तात्यांची पाठ ताठ झाली. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. 'मी तर तोंड उघडलं नव्हतं, मग हिला कसं लागलं?' असं ती विचारत होती. ते घाबरले होते. एवढं सगळं करूनही तोतरेपण सुटून खाली गेलं होतं, असं त्यांना वाटलं असणार.

मग मला न सांगणं शक्यच नव्हतं. मी चपला काढल्या आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. एकही शब्द न चुकवता, सगळ्या अडणाऱ्या शब्दांतून जात, अडत अडत सांगितलं. "आवं त-तात्या, ह्ये लागत न्हाई. न-नक्कल केली म्हणून लागत न्हाई, आन् ऐकून बी लागत न्हाई. मला त-तुमच्यामुळं झालं नव्हतं. हिला बी क-कुणामुळं झालं न्हाई. डॉक्टरीण बाईंनी सांगितलंय."

तात्या टॉवेल चावत होते. आतल्या अंधारात म्हशीने पाय आपटला, त्यांनी तिकडे पाहिलं. मग परत माझ्याकडे. हळूहळू टॉवेल तोंडातून खाली आला. ओलं टोक त्यांनी मुठीत धरलं. मान हिसडली, डावा डोळा मिटला. लहानपणी मी पाहुण्यांना करून दाखवायचो तसंच सगळं, फक्त आता त्यावर सुरकुत्या होत्या.

"म-म-म-मग..." ते म्हणाले.

आम्ही थांबलो. धुकं दारापर्यंत आलं होतं.

"मग म-मी..." मान परत हिसडली. "मी क-क-क..."

ते कुठे चाललंय मला कळलं होतं. मग मी कशाला गप बसलो. मग मी कुणासाठी हितं ऱ्हायलो. शब्द कुठलाही असो, मला तो समोर दिसत होता आणि तो त्यांच्या तोंडून ऐकायची माझी छाती नव्हती. तात्यांचे ओठ हलत राहिले. आवाज येईना. डोळ्यांतून पाणी मात्र येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

माझ्याने बघवेना. मी उठलो. बायकोला म्हटलं, चला, धुकं वाढतंय, खाली जाऊ, उद्या परत येऊ. चपलेत पाय घातला.

मुलगी जागची हलली नाही. तिने हात वर केला. "प-प-पप्पा, थांब. आजोबांचं अजून झालं नाही."

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. मी चपला काढल्या आणि परत खाली बसलो.